दारात येऊन बॅटरी साफ करून देणाऱ्यांपासून सांभाळा

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे टर्मिनल साफ करून देतो म्हणत दोघं जण आमच्या गल्लीत आले आणि माझे 4,550 रुपये अन् धडधाकट बॅटरी घेऊन गेले. कुणी म्हणेल, शिकल्या-सवरलेल्या माणसाला कळलं कसं नाही? परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही, घरात पोरीची नीटची तयारी. शिवाय टर्मिनलवर पांढरा-निळसर थर खरंच चढला होता. अ‍ॅसिडची वाफ बाहेर येते आणि शिसं-तांबं खाते, हे त्यांनी सांगितलं तेही खरंच होतं. खऱ्यात खोटं मिसळलं की कुणीही फसतो.

साफसफाईचे 350 रुपये. सोड्याचं पाणी ओतलं, फसफसून फेस आला, टर्मिनल लख्ख झाले. हे काम घरी होतं हो! इन्व्हर्टर बंद करायचा, आधी निगेटिव्ह वायर काढायची, खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासायचं, पुसून कोरडं करायचं, वायरी कसून वरून व्हॅसलीन लावायचं. बुचं मात्र घट्ट बंद पाहिजेत, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं.

मग त्यांनी सहाही बुचं उघडली, डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि लगेच हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची ताकद मोजायचं यंत्र, बुडवला. काटा लाल पट्ट्यात. “काका, सेल बसल्यात. वर्कशॉपला नेऊन रिकंडिशन करावी लागंल.” नुकतं ओतलेलं पाणी वरच राहतं, चार्जिंग होऊन अ‍ॅसिडमध्ये मिसळेपर्यंत चांगल्या बॅटरीचंही रीडिंग कमीच येतं, हे मला नंतर गावातल्या बॅटरीवाल्यानं सांगितलं. मी शाळामास्तर, मला कुठून ठाऊक? 2,800 रुपये क्यूआर स्कॅन करून दिले.

दुसऱ्या दिवशी बॅटरी परत आली. नेताना दोघांनी कण्हत-कुंथत उचललेली, आणताना त्यातल्या एकट्यानं जिना चढून आणून ठेवली! माझ्या डोळ्यांदेखत. दीडशे एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते, एकट्यानं इतक्या सहज जिना चढवायची वस्तू नाही ती. माझं लक्ष तेव्हा चकचकीत टर्मिनलकडं. वर उरलेले 1,400 रोख मोजून दिले. ते आठवलं की अजून जेवण गोड लागत नाही.

त्याच रात्री लाईट गेली आणि पंधरा मिनिटांत पंखा बंद. डबा त्याच कंपनीचा, बॅटरी दुसरीच. आमचं स्टिकर सोलून तिच्यावर चिकटवलेलं, डब्यावरचा नंबर घासलेला. छत्तीस महिन्यांची वॉरंटी होती, पण कंपनीवाले म्हणतात नंबर जुळत नाही. नवीन बॅटरीला 16,200 गेले.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, “पावती हाय का?” दुसरा, “तुम्हीच नेऊ दिली ना?” अरे, पैसे गेले ते खातं आहे, व्यवहाराचा नंबर आहे, समोरच्या दुकानाचा कॅमेरा आहे! फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे की नाही? साहेब बंदोबस्तात, नंतर साहेब रजेवर, मग “किरकोळ मॅटर हाय सर, सोडून द्या.” मास्तरचा पगार किरकोळ नसतो. अर्जाची पोच मागितली तर माझ्याकडंच रागानं बघायलेत. कॅमेऱ्याचं फुटेज तोवर पुसलं गेलं, त्याला जबाबदार कोण?

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(4). मी रजिस्टर्ड पाठवली आहे. विकत घेतलेल्या बॅटरीच्या नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. बॅटरी घराबाहेर जाऊ देऊ नका, आणि द्यायचीच तर आपल्या ओळखीच्या दुकानात, वजन करून. पाणी भरल्याबरोबर कुणी रीडिंग दाखवलं तर सरळ हाकलून द्या.

दोघंही तिशीच्या आतले, निळे टी-शर्ट, पांढरा छोटा हत्ती. पाथरी, मानवत, जिंतूरकडं दिसले तर गाडीचा नंबर टिपा आणि मला कळवा, मी तो अर्जाला जोडणार आहे.