नवे कापड स्वतः शिवावे की जुनी साडी शोधून घ्यावी?

तयार कपड्यांना कंटाळलेला माणूस बहुधा दोनपैकी एका वाटेकडे वळतो. एक तर शिलाई मशीन घेऊन तो आपले कपडे आपणच शिवू लागतो, नाहीतर पूर्वी विणलेले, कोणीतरी जपून वापरलेले कपडे शोधून विकत घेतो. पैसा, वेळ आणि शिकण्याची तयारी दोन्हीकडे लागते, त्यामुळे वरवर पाहता या दोन वाटा सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या तक्रारींवरचे उपाय आहेत. कुर्ता मुंढ्यात काचतो, ब्लाऊज छातीवर बसला तर पाठीवर उचलला जातो, अशी ज्याची मापाची तक्रार असेल, त्याची अडचण शिवणाने सुटते. याउलट तसे सूत, तशी जर, तसा काठ आता हाताला लागत नाही, अशी ज्याची कापडाची तक्रार असेल, त्याला शिवण कितीही उत्तम आले तरी समाधान मिळणार नाही. त्याने जुनेच शोधले पाहिजे. म्हणून निर्णय घेण्याआधी आपल्या कपाटातले न वापरलेले कपडे काढून प्रत्येकाबाबत तो का पडून राहिला हे पाहावे. उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते. पुढचा विचार मी महाराष्ट्रातल्या पेहरावापुरता, आणि त्यातही मुख्यतः साडी, ब्लाऊज आणि कुर्ता यांच्यापुरता केला आहे.

खर्चाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याबद्दलचे गैरसमज फार आहेत. स्वतः शिवले म्हणजे स्वस्त पडते, हे निदान पहिल्या वर्षात तरी खरे नसते. साधी काळी सरळ टिपेची मशीन सुमारे 5 ते 8 हजार रुपयांना आणि झिगझॅग टाके घालणारी विजेवरची मशीन सुमारे 10 हजारांपासून पुढे मिळते. त्यावर कात्री, इस्त्री, अस्तर, दोरे, आणि शिकताना वाया जाणारे कापड असते. शहरातला चांगला शिंपी अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई पाचशेच्या पुढेच सांगतो, त्यामुळे नियमित शिवणाऱ्याचा खर्च हळूहळू निघतो. वर्षाला दोनच ब्लाऊज लागत असतील तर मात्र हिशेब जमत नाही. जुन्या बिडाच्या मशीन वापरलेल्या स्थितीतही चांगल्या मिळतात. चाक हाताने फिरवून सुई अडखळत नाही ना, आणि चिंधीवर टीप घालून वरचा व खालचा दोरा सारखा बसतो ना, एवढे पाहिले की निम्मी परीक्षा होते. जुन्या साडीची किंमत मात्र कोणत्याही कोष्टकात बसत नाही. घरातली असेल तर ती फुकट मिळते, जाणकार विक्रेत्याकडे नव्याच्या तोडीची किंमत मोजावी लागते, आणि खऱ्या जरीची असेल तर चांदीचा भावही त्या किमतीत शिरतो.

जुन्या कपड्यांच्या खरेदीत जगभर सर्वांत मोठी अडचण मापाची असते. पूर्वीची मापे आजच्या मापांशी जुळत नाहीत, कापड वर्षानुवर्षांच्या धुण्याने आटलेले असते, आणि जुन्या कोटाचे खांदे तर कुशल कारीगरालाही सहज बदलता येत नाहीत. आपल्याकडे ही अडचण जवळजवळ नाहीशी होते, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. साडी, शेला, उपरणे, धोतर ही न शिवलेली वस्त्रे आहेत. साठ वर्षांपूर्वी एका बाईने नेसलेली सहावारी आज दुसऱ्या कोणत्याही बांध्याच्या बाईला नेसता येते, आणि प्रश्न उरतो तो फक्त ब्लाऊजचा. त्यामुळे महाराष्ट्रात जुने घेण्याचे खरे धन न शिवलेल्या वस्त्रांत आहे. जुने शिवलेले कपडे घेणे, विशेषतः शिवण येत नसताना, मला शहाणपणाचे वाटत नाही. त्याला एक अपवाद आहे. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाऊजमध्ये बाजूच्या शिलाईला पुष्कळदा भरपूर माया, म्हणजे टिपेच्या आत राखलेले जास्तीचे कापड, सोडलेली असते. असा ब्लाऊज उलटा करून पाहावा. आत इंच-दीड इंच कापड दुमडलेले असेल तर तो उसवून मोठा करता येतो. फक्त जुन्या टिपेची भोके आणि आत राहिल्याने न विटलेल्या रंगाची एक पट्टी बाहेर येते, आणि ती दिसली तर चालेल का हे आधीच ठरवावे लागते. आजच्या तयार कपड्यात इंटरलॉक मारून माया जवळजवळ कापूनच टाकलेली असते.

आता जुनी साडी पारखण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पैसे बुडतात ते इथे. रेशीम सर्वांत आधी घडीवर विरते. साडी पूर्ण उलगडून खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरावी आणि घडीच्या रेषा एकेक करून पाहाव्यात. तिथे उजेडाच्या बारीक चिरा दिसल्या, किंवा दोन्ही हातांनी हलके ताणल्यावर कापड करकरले, तर ती साडी नेसण्याजोगी राहिलेली नाही, मग काठ कितीही झळाळता असो. एखाद-दुसरे भोक ही वेगळी गोष्ट आहे. कसरीने किंवा खिळ्याने पडलेले भोक रफू होते, पण विरलेल्या कापडाला रफूचा दोराही धरत नाही. त्यानंतर निऱ्यांचा खालचा भाग आणि टाचेपाशी घासणारा काठ पाहावा, कारण झीज तिथे असते. फॉल लावलेला असेल तर त्याचे एक टोक उसवून आत पाहण्याची परवानगी मागावी. घामाचे डाग रेशमावरून सहसा जात नाहीत, तेव्हा ड्रायक्लीनिंगने सगळे निघेल या आश्वासनावर विसंबू नये.

जरीचे तीन प्रकार हाती येतात. खऱ्या जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचा मुलामा असतो; ती कालांतराने मंद होते, काळवंडते, पण तिचा जडपणा हाताला कळतो. दुसऱ्या प्रकारात चांदीऐवजी तांबे असते, आणि मुलामा घासला गेला की लालसर झाक दिसू लागते. तिसरी प्लॅस्टिकची जर कधीच काळवंडत नाही आणि अतिशय हलकी असते. खऱ्या जरीच्या साड्या आज दुर्मिळ होण्याचे एक मोठे कारण म्हणजे चांदी काढण्यासाठी त्या वजनावर विकत घेऊन जाळल्या गेल्या. शिवाय कित्येक घरांतल्या चांगल्या साड्या बोहारणीला देऊन त्यांची भांडी घेतली गेली. पैठणी घ्यायची असेल तर पदर उलटून पाहणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. हातमागावरच्या पैठणीच्या पदरातले मोर, कमळ, आसावली हे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, म्हणून उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच दिसते. मागे मोकळे धागे लोंबत असतील, किंवा ते जाळीने झाकलेले असतील, तर ते काम वेगळ्या पद्धतीचे आहे. येवला आणि पैठणच्या या वस्त्राला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याआधीच्या साडीबरोबर कोणताही कागद येणार नाही. तिथे आपली नजर हेच प्रमाणपत्र.

जुन्या साड्या मिळतात कुठे, याचे उत्तर थोडके आहे. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. दोन्ही ठिकाणी भांडी, घड्याळे, अवजारे पुष्कळ, पण चांगली साडी क्वचितच नजरेस पडते. खरा साठा घराघरांतल्या कपाटांत आहे, आणि आत्या-मावश्यांना सरळ विचारणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. समाजमाध्यमांवरच्या विक्रेत्यांकडून घेताना तीन छायाचित्रे हट्टाने मागावीत: पदराची उलटी बाजू, उजेडासमोर धरलेली घडी, आणि पायाकडचा काठ. ती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

शिवणाकडे वळल्यावर पहिला प्रश्न सुरुवात कशाने करावी हा असतो, आणि इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरू करतात. ब्लाऊज हवा असतो म्हणून ब्लाऊजच आधी शिवायला घेतला जातो. वास्तविक कटोरी ब्लाऊज, म्हणजे छातीचे वाटीसारखे भाग वेगळे कापून जोडलेला ब्लाऊज, हा आपल्या रोजच्या कपड्यांपैकी सर्वांत अवघड शिवण आहे, कारण त्यात मुंढा, टक्स (आकार येण्यासाठी घातलेल्या चिमट्या), बाही आणि अस्तर या सगळ्यांचे माप एकमेकांवर अवलंबून असते आणि अर्ध्या इंचाची चूकही अंगावर दिसते. आधी उशीचे अभ्रे शिवून टीप सरळ येऊ द्यावी, मग सहा कळ्यांचा परकर, मग सैलसर कुर्ता, आणि त्यानंतर साध्या टक्सचा ब्लाऊज, हा जुन्या शिवणक्लासांचा क्रम मला आजही योग्य वाटतो. ज्याला व्यवस्थित शिकायचे आहे त्याच्यासाठी आयटीआयमध्ये एक वर्षाचा शिवणाचा अभ्यासक्रमही आहे.

कापड कापण्याआधी धुणे हा नियम कंटाळवाणा असला तरी मोडू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 इतके आटू शकते. म्हणजे कुर्त्यासाठी आणलेल्या अडीच मीटरमधून साडेसात ते साडेबारा सेंटिमीटर निघून जातात, आणि हे शिवल्यानंतर झाले तर कुर्त्याची उंची आणि बाही दोन्ही जातात. गडद रंगाच्या कापडावर ओला पांढरा सुती फडका दाबून रंग सुटतो का, हेही पाहावे. सुईचा नंबर कापडाप्रमाणे बदलावा लागतो: रेशमाला 9 किंवा 11, नेहमीच्या सुती कापडाला 14, जाड कापडाला 16. रेशमावर जाड सुई चालवली की टिपेच्या रेषेत भोके राहतात आणि पुढे कापड तिथूनच फाटते.

शिवणाऱ्यासाठी आपल्याकडचे सर्वांत सुंदर कापड म्हणजे खण. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे त्याचे मूळ गाव, परंतु चोळीच्या रूपाने तो महाराष्ट्रातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातमागाच्या पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, म्हणून नेहमीच्या 44 इंची कापडाच्या हिशेबाने 80 सेंटिमीटर आणले तर बाह्या निघत नाहीत. दुकानातच पन्हा मोजून घ्यावा. काठ बाहीच्या कडेला यावा अशी कापणी करायची, आणि बुट्टीची दिशा पुढच्या, मागच्या भागात व दोन्ही बाह्यांत एकच राहील हे खडूने बाणाची खूण करून आधी ठरवायचे. एका बाहीची बुट्टी उलटी झाली तर ते लपत नाही. हे सगळे जमल्यावर हातात येणारा ब्लाऊज बाजारात विकत मिळत नाही, कारण तो एकाच शरीरासाठी बेतलेला असतो. शिवणाचे खरे मोल मला त्यात दिसते.

काही जण दोन्ही वाटा जोडून जुनी साडी कापून तिचा कुर्ता किंवा ड्रेस शिवतात. याबाबत माझे मत कडक आहे. धडधाकट हातमागाची साडी कापू नये. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि त्यात तीन कुर्ते बसतात हा मोह मी समजू शकतो; पण कापलेली साडी पुन्हा कोणालाही नेसता येत नाही, आणि अनेक बांध्यांना चालणारे वस्त्र एकाच मापात अडकून पडते. शिवलेल्या नऊवारीलाही हाच आक्षेप लागू होतो. अंगाचे कापड विरले आहे पण काठ-पदर शाबूत आहेत, अशा साडीचे मात्र जरूर काहीतरी करावे: काठ सोडवून नव्या रेशमावर लावावा, पदराचा ब्लाऊज किंवा जाकीट शिवावे, मागे मऊ सुती अस्तर देऊन ताण अस्तरावर येईल असे पाहावे. सुती इरकल जीर्ण झाली तर तिची गोधडी व्हावी, हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेले आहे.

मग कोणी काय निवडावे? जी बाई रोज कुर्ता किंवा पँट घालून कामाला जाते आणि साडी वर्षातून चार वेळा नेसते, तिने शिवण शिकावे. जुन्या बाजारात तिच्या रोजच्या गरजेचे फारसे काही नाही. जिला साडीचीच आवड आहे आणि घरात कापड जपण्याची शिस्त आहे, म्हणजे साडी मलमलीत गुंडाळून ठेवणे, काही महिन्यांनी घडी बदलणे, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू न देणे, तिने जुन्या साड्या घ्याव्यात, आणि त्यासोबत निदान हातशिलाईपुरते तरी शिकावे. उसवलेला फॉल लावणे, हूक बदलणे, काठाला हेम घालणे एवढे आले नाही तर प्रत्येक लहान कामासाठी दुसऱ्याकडे जावे लागते, आणि कापड फाटले तर जबाबदारी नको म्हणून अनेक शिंपी जुन्या रेशमाला हातच लावत नाहीत. पुरुषांसाठी जुन्यात उपरणे आणि शेला एवढेच मी सुचवेन, आणि सदरा शिवून घालावा. दोन्ही करायची हौस असेल तर साडी जुनी घ्यावी आणि तिच्यावरचा ब्लाऊज नव्या खणाचा स्वतः शिवावा, ही जोडी मला सर्वांत पटते.

घरातले लग्न दोन महिन्यांवर आले असेल आणि शिवण अजून यायचे असेल, तर त्या समारंभासाठी मशीन घेऊ नये. जुनी साडी शोधावी, ब्लाऊज ओळखीच्या शिंप्याकडे टाकावा, आणि त्याला दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडायला सांगावे.