मऊ आमिषासाठी कोणता गळ? हिरण्यकेशी-घटप्रभेवरील एका हंगामाचा अनुभव

गळ विकत घेताना आपण बहुतेक जण पाकिटावरचा नंबर पाहतो आणि फार तर किंमत विचारतो. गेल्या पावसाळ्यानंतर पाणी निवळले तेव्हापासून यंदाच्या वळवापर्यंत मी बेळगाव भागातील हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय आणि अधूनमधून अंकली-मांजरीजवळची कृष्णा या पाण्यांवर वेगवेगळ्या प्रकारचे गळ आलटून पालटून वापरले. मऊ आमिषाच्या बाबतीत नंबर ही सर्वांत शेवटी पाहण्याची गोष्ट आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. आमिष लावून झाल्यावर गळाचे टोक आणि दांडी यांच्यामध्ये किती मोकळी जागा उरते, हे आधी पाहावे. त्यानंतर गळ ज्या तारेचा घडवला आहे तिची जाडी पाहावी.

मऊ आमिष म्हणजे येथे मी दोन्ही प्रकार धरतो: सॉफ्ट प्लास्टिकचे रबरी मासे, अळ्या व बेडूक हा एक, आणि कणीक, पाव, गांडूळ, कोंबडीची आतडी हा आपल्याकडचा जुना प्रकार दुसरा. दोन्हींचा स्वभाव एकच आहे, तो असा की आमिष गळावर घट्ट बसत नाही. ते दबते, सरकते, फाटते. गळाने या सरकण्याला वाट करून द्यावी लागते.

नंबराविषयी थोडक्यात सांगतो. 10, 8, 6, 4, 2, 1 असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होतो, आणि 1 नंतर 1/0, 2/0, 3/0 असा आकडा चढत जातो. मात्र हे माप सर्व कंपन्यांनी सारखेच पाळावे असा कोणताही नियम नाही. मुस्ताद आणि गामाकात्सु यांचे एकाच नंबराचे गळ शेजारी ठेवून पाहिल्यास वाक, दांडीची लांबी आणि तार या तिन्हींत फरक दिसू शकतो. त्यामुळे ‘मरळीला 2/0 लावा’ असा सल्ला कोणी दिला, तर गळ कोणत्या घडणीचा आणि त्यावर आमिष किती जाडीचे, हे विचारल्याशिवाय त्या सल्ल्याला फारसा अर्थ उरत नाही.

रबरी माशासाठी मी सर्वांत जास्त वापरला तो ऑफसेट गळ. याच्या नेढ्याजवळ (दोर ओवायच्या छिद्राजवळ) दांडीला पायरीसारखा दुहेरी वाक असतो. रबराच्या तोंडातून टोक थोडे आत घालून खालून बाहेर काढायचे, गळ फिरवून नेढ्याजवळच्या वाकावर रबराचे तोंड बसवायचे आणि मग टोक पुन्हा पोटातून वर नेऊन पाठीच्या कातडीखाली जेमतेम लपवायचे, अशी याची पद्धत आहे. टोक झाकलेले असल्याने हा गळ केंदाळातून, उसाच्या कुजक्या पाल्यातून आणि बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला साचलेल्या काटक्यांतून न अडकता येतो, आणि आपल्या भागात मरळ नेमकी अशाच जागी असते. मासा चावला आणि आपण हिसका दिला की रबर दबून दांडीवरून खाली सरकले पाहिजे आणि टोक उघडे पडले पाहिजे. रबर जाड आणि गळाचा वाक अरुंद असेल, तर दबलेले रबर त्या वाकातच कोंबल्यासारखे बसते, टोक बाहेर येत नाही आणि माशाच्या तोंडात फक्त रबराचा बोळा राहतो. चावा जोरात बसला, काठी वाकली आणि दुसऱ्या क्षणी सगळे सैल पडले, असा अनुभव ज्यांना वारंवार येतो त्यांनी माशाला किंवा नशिबाला दोष देण्याआधी ही जागा तपासावी.

माझा ठोकताळा असा की रबराची जाडी एक धरली, तर गळाची मोकळी जागा किमान दुप्पट हवी. बारीक अंगाच्या 3 इंची माशाला मला 1/0 किंवा 2/0 पुरला; 4 इंची, पोट सुटलेल्या माशाला 3/0 घ्यावा लागला. पोटाला खाच असलेले रबर मिळाले तर जरूर घ्यावे, कारण खाचेमुळे ते सहज दबते.

तारेबाबत मात्र माझी दुकानदारांशी नेहमीच हुज्जत होते. ‘मोठा मासा लागला तर काय कराल, जाडच न्या’ असे ते म्हणतात. जाड तारेचा गळ मजबूत असतो हे खरेच. परंतु त्याचे टोक आणि उलटा काटा मरळीच्या हाडकट जबड्यात पूर्ण शिरण्यासाठी तेवढाच जोराचा हिसका लागतो, आणि तो हिसका देण्यासाठी ताठ काठी व जाड दोर लागतो. माझ्यासारखा 0.30 मिमी तंगूस (नायलॉनचा दोर) आणि लवचिक काठी वापरणारा माणूस जाड गळ लावतो तेव्हा टोक जबड्यावर टेकते, पण शिरत नाही. अशा सामानाला मध्यम तारेचा गळ चांगला. उलट केंदाळातून मासा ओढून काढायचा असेल, तर ब्रेडेड म्हणजे विणलेला दोर, ताठ काठी आणि जाड तार हे तिन्ही एकत्रच हवेत. एका बिननावाच्या स्वस्त पाकिटातील बारीक तारेचे गळ पहिल्याच झटापटीत उघडून सरळ झाले, तेव्हा बारीक तार घेताना पोलाद चांगले आहे ना, याची खात्री करणे आवश्यक आहे. एक गळ पक्कडीत धरून हलकेच ताणावा; तो किंचित लवून परत जागेवर आला तर ठीक, लवलेला तसाच राहिला किंवा कटकन तुटला तर ते पाकीट तिथेच सोडून यावे.

जिगहेड, म्हणजे शिशाचे डोके ओतलेला गळ, मी फार दिवस वापरला नाही. धारेच्या पाण्यात 3 ते 5 ग्रॅमचे डोके रबराला छान खोलीवर नेते, परंतु आपल्या नद्यांचा तळ काळ्या दगडांच्या कपारींनी भरलेला असतो आणि उघडे टोक त्यांत हमखास अडकते. वाळूच्या तळावर तो उत्तम आहे, एवढेच म्हणेन.

आता कणकेकडे वळतो, कारण रोहू, मृगळ आणि चिलापीसाठी (तिलापिया) आपल्या भागातील बहुतेकांचा भर तिच्यावरच असतो. माझी कणीक गव्हाच्या पिठात शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली असते आणि त्यात कापसाचे थोडे तंतू पिंजून टाकतो, म्हणजे गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही. येथे लांब दांडीचा गळ उपयोगाचा नाही. दांडी कणकेच्या बाहेर राहते, मासा ओठांनी चाचपतो आणि सोडून देतो. आखूड दांडीचा, रुंद वाकाचा गळ घ्यावा आणि गोळा वाकाच्या तळाशी व दांडीभोवती बसवून टोक अगदी कणभर उघडे ठेवावे. संकेश्वरच्या खालच्या बाजूला एका डोहावर एक वयस्क भोई काका माझी काठी न्याहाळत बसले होते. त्यांनी माझा लाडवासारखा गोळा पाहून ‘साहेब, एवढं बांधून ठेवलंय, तर टोक बाहेर कुठून येणार?’ असे विचारले आणि नखाने अर्धी कणीक काढून टाकली. त्यांच्या स्वतःच्या गळावर हरभऱ्याएवढीच कणीक होती, ती वाकात दाबून बसवलेली, टोकाकडची बाजू मोकळी. रोहूचे ओठ जाड व मांसल असतात, त्यामुळे तिथे गळ शिरणे अवघड नसते. टोक वाटेत अडले नाही म्हणजे झाले.

रोहू-मृगळासाठी मला 4 आणि 2 हे नंबर, जरा जाड तारेत, योग्य वाटले. चिलापीचे तोंड लहान असते. तिला 8 किंवा 6. कटला वरच्या थरात खातो आणि त्याचे तोंड वर वळलेले असते, म्हणून तळाला शिसे टाकून बसणाऱ्याला तो क्वचितच लागतो. त्याच्यासाठी तरंगत्या फ्लोटखाली हलकी कणीक आणि हलका गळ हवा.

स्प्रिंगच्या गळाविषयी वेगळे लिहितो. तारेच्या स्प्रिंगवर कणकेचा मोठा गोळा थापायचा आणि भोवती चार-सहा छोटे गळ लोंबत ठेवायचे, हा प्रकार आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि त्याला मासे लागतातही. तरीही मी तो बंद केला. कणीक चोखताना मासा एक गळ तोंडात घेतो आणि धडपडीत दुसरा गळ त्याच्या डोळ्यात, कल्ल्यात किंवा पोटात रुततो. लहान मासा परत सोडायचा म्हटले तरी तो जगण्याच्या अवस्थेत राहत नाही. शिवाय दगडाला अडकला की सगळा जुडगाच जातो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान गळांची संख्या दोनवर आणावी.

गांडुळासाठी दांडीवर बारीक काटे असलेला लांब दांडीचा 8 किंवा 10 नंबर पुरतो, कारण ते काटे गांडूळ खाली घसरू देत नाहीत. वाम निमुळत्या तोंडाची असते, गळ खोल गिळते आणि तंगुसाला वेटोळे घालते. अशा वेळी लांब दांडी पकडीत धरायला बरी पडते.

शिंगाळ्यासाठी सर्कल गळाची शिफारस मी मोकळ्या मनाने करतो. याचे टोक आत, दांडीकडे वळलेले असते. कोंबडीची आतडी किंवा गांडुळांचा झुपका एकाच ठिकाणी टोचून टोक पूर्ण मोकळे ठेवायचे आणि चावा आला की हिसका अजिबात द्यायचा नाही; दोर हळूहळू ताणत जायचा, म्हणजे गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हात शिवशिवत असतानाही स्वस्थ बसणे हाच याचा अवघड भाग आहे. गळ पोटात जाण्याचे प्रमाण यामुळे बरेच कमी झाले. गळ काढताना शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे दोन असे तिन्ही काटे सांभाळावेत. त्यांची जखम बराच वेळ ठणकते. कणकेसाठी मात्र सर्कल गळ घेऊ नये, कारण आत वळलेले टोक कणकेतच बुडते आणि गळाची सारी करामत वाया जाते.

टिकण्याबद्दल सांगायचे तर पोलादी गळ ओले तसेच डबीत टाकले, तर आठवड्यात टोकावर तांबूस ठिपके येतात. घरी आल्यावर ते कागदावर वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवून ठेवतो. टोकाची धार पाहण्यासाठी ते अंगठ्याच्या नखावर तिरपे टेकवावे. रुतले तर चांगले, घसरले तर बोथट. साधे गळ बारीक कानशीने दोन-तीनदा घासून पुन्हा वापरता येतात, पण महागड्या गळांचा मुलामा घासल्यावर निघून जातो आणि ते लवकर गंजतात, म्हणून बोथट झालेला महाग गळ मी सरळ बाजूला काढतो. स्टेनलेस गळ गंजत नाही, पण दोर तुटून माशाच्या तोंडात राहिला तर तोही गंजून झडत नाही. गोड्या पाण्यात त्याची गरजही नाही.

पुढच्या हंगामाची खरेदी मी बेळगावला करतो. जाताना नेहमीच्या वापरातला एक रबरी मासा आणि हरभऱ्याएवढा मेणाचा गोळा सोबत नेतो, आणि सुटे गळ काउंटरवर ओतायला लावून प्रत्येकाच्या वाकात तो प्रत्यक्ष बसवून पाहतो. दुकानदार वैतागतो, पण सुटे गळ विकणारा दुकानदार असे करू देतो. बंद पाकिटातच माल ठेवणाऱ्याकडून मी फक्त आधी वापरलेलाच नमुना घेतो.