लाईन गेल्यावरचा रेडिओ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे ते डिसेंबर दोन रेडिओ शेजारी ठेवून वापरले. एक परदेशी बनावटीचा, हँडल-सोलर-टॉर्चवाला 'इमर्जन्सी' रेडिओ. दुसरा दोन मोठ्या सेलवर चालणारा साधा काट्याचा. खेड्यात ठेवायचा असेल तर दुसराच घ्या.

पहिलं कारण मीडियम वेव्ह. एफएम साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच पोचतं. मधे डोंगर आला की नुसती खरखर. मीडियम वेव्ह जमिनीला धरून दूर जाते. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, लाईन जाते, टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईलही गप्प होतो. अशा वेळी नुसत्या एफएमच्या भरवशावर राहू नये.

आकाशवाणी नागपूर 585 किलोहर्ट्झवर लागतं. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं 9-9 किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत 10-10 च्या. त्यामुळे तिकडच्या बाजारासाठी बनलेला डिजिटल संच 580 वरून थेट 590 वर उडी मारतो आणि आवाज फाटका येतो. काही संचांत 9/10 बदलायची सोय असते. दुकानातच बदलून पाहा. 'वेदर बँड'साठी तर एक रुपयाही जास्त देऊ नका. तो 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झचा, अमेरिकेतल्या हवामान केंद्रांसाठी आहे. इथे त्यावर काही लागत नाही.

सोलरचा हिशेब सोपा आहे. इमर्जन्सी रेडिओतला 2000 एमएएचचा लिथियम सेल म्हणजे साधारण 7.4 वॅट-तास. तळहाताएवढी पट्टी कडक उन्हात अर्धा वॅट देते असं धरलं, तरी पंधरा तास ऊन हवं. आभाळ भरून आलेल्या दिवसांत, म्हणजे नेमकी गरज असताना, ते मिळत नाही. उलट मे महिन्यात टिनावर ठेवला तर सेल 45 अंशांच्या वर तापतो, आणि तेवढ्या उष्णतेत चार्ज झालेला लिथियम सेल लवकर खराब होतो, फुगतोसुद्धा. हँडल मिनिटभर फिरवलं की हळू आवाजात काही मिनिटं चालतं; पाचव्या महिन्यात आतली प्लास्टिकची दाती घसरायला लागली.

साध्या संचात रोज दोन तास, मध्यम आवाजात, सेलची एक जोडी दीड महिना पुरली.

आता आवाज साफ मिळण्याचं. बरेच जण मीडियम वेव्हसाठी दांडी ओढतात, पण ती एफएमसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी. म्हणून अख्खा संच हळूहळू फिरवा आणि आवाज सगळ्यात साफ येईल तिथे थांबवा. टिनाच्या घरात ओसरीत किंवा खिडकीत ठेवा. इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर यांच्यापासून दोन-तीन मीटर दूर. तरीही थांबून थांबून कडकड येत असेल तर ती दूरच्या विजेची समजा. ढगांचा गडगडाट कानावर येण्याआधीच ती ऐकू येते. शेतात माणसं असतील तर तेव्हाच हाक मारावी.

विकत घेताना दुपारी जा, दुकानातली ट्यूबलाईट बंद करायला सांगा आणि 585 लावून पाहा. रात्री दूरची केंद्रं मिसळतात, त्यामुळे पारख होत नाही.

सेल संचात घालून ठेवू नका. स्वस्त सेल पाझरतात, स्प्रिंग गंजते आणि ऐन वेळी रेडिओ मुका राहतो. गंज बारीक पॉलिश पेपरनं घासून काढता येतो. सेल रेडिओच्याच पिशवीत, पण सुटे ठेवा. महिन्यातून एकदा घालून दहा मिनिटं वाजवा, आणि आवाजाचं बटण दहा-बारा वेळा पूर्ण फिरवा, म्हणजे त्यात धूळ बसत नाही.