भिरूड लागलेलं झाड: तार, बोळा की मुळाशी औषध?

बुंध्याशी लाकडाचा भुसा पडतोय आणि भर पावसात एखादी फांदी वाळत चाललीय, तर खोडात भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, आहे असं समजा. बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या, दुर्लक्षित आंब्यांना ही कीड गाठतेच. मग सल्ले सुरू होतात. शेजारी म्हणतो तार घाल, दुकानदार बाटली पुढे करतो, आणि मोबाइलवर कोणी परदेशी माणूस झाडाच्या मुळाशी औषध ओतताना दिसतो.

आधी कीड ओळखा, कारण दोन किडींची गल्लत होते. सालीवर भुसा आणि विष्ठेची जाळीदार पट्टी चिकटलेली असेल तर ती साल खाणारी अळी. गुलमोहर, पेरू, जांभूळ, आंबा, तिला काहीही चालतं. दिवसा बेचक्याजवळच्या बिळात लपते, रात्री साल कुरतडते. बीळ आखूड असतं, त्यामुळे जाळी खरवडून तार आत फिरवली की बहुतेक वेळा काम होतं. या अळीसाठी बाटली आणायची गरज नाही.

भिरूड मात्र वेगळं प्रकरण. लांब मिशांचा हा भुंगा पावसाळ्याच्या सुमारास सालीच्या भेगांत, जखमांत अंडी घालतो. पांढुरकी, बोटाएवढी अळी महिनोन् महिने लाकूड पोखरत राहते.

त्यावर तार स्वस्त, पण बोगदा वळणावळणाचा असला तर टोक अळीपर्यंत पोचत नाही. तारेवर ओलसर पांढरा चिकटा आला तर अळी मेली, नुसता भुसा आला तर नाही.

बोळ्याचा उपाय तारेच्या पुढचा. छिद्र साफ करून पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस आत कोंबायचा आणि चिखलाने तोंड घट्ट लिंपायचं. वाफ आत कोंडते, म्हणून वळणापलीकडची अळीही सापडते. आठवड्याने ताजा भुसा दिसला तर पुन्हा करायचं. पूर्वी यासाठी डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक वापरायचे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तेव्हा कोणी जुनी बाटली काढून दिली तरी घेऊ नका. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या छिद्रात सारायचा सल्लाही ऐकू येतो. त्यातला वायू माणसाचा जीव घेतो, घराच्या अंगणात तो खेळ नको.

आता मुळाशी औषध. तो व्हिडिओ बहुधा अमेरिकेतल्या शोभेच्या भूर्ज झाडाचा असतो. तिथे ब्राँझ बर्च बोरर नावाच्या भुंग्याची अळी सालीच्या लगेच आत खाते. मुळाशी ओतलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मातीतून रसाबरोबर वर चढतं आणि तिला गाठतं. शिवाय भूर्जाची फळं कोणी खात नाही. आपली भिरूडाची अळी खोल लाकडात शिरते, जिथे रस फारसा फिरत नाही. वर आंबा आपण खातो, मोहरावर मधमाश्या आणि माश्या येतात, आणि जुन्या घरांच्या परसात विहीर असते. इमिडाक्लोप्रिडची तुडतुड्यांवर फवारणी होते ते खरं, पण भिरूडासाठी ते आळ्यात ओतायला मी तरी सांगणार नाही. तिकडच्या लोकांची एक गोष्ट मात्र उचलावी: त्यांचा भुंगाही पाण्याअभावी कमजोर झालेलं झाडच आधी धरतो, म्हणून ते उन्हाळ्यात झाडाला पाणी चुकवत नाहीत. आपण बुंध्यापर्यंत पेवर बसवून घेतो आणि मग औषध शोधतो!

बोर्डो पेस्ट लावली की भिरूड मरतो असं सांगणारे भेटतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हा लेप बुरशीसाठी. आतल्या अळीला त्याचं काही नाही. छाटणीच्या जखमेवर मात्र लावाच, तिथून बुरशी शिरत नाही.

तर अंगणातला आंबा असेल आणि छिद्रं मोजकी असतील तर तार आणि बोळा. फांदी अर्धी वाळली असेल तर हिरव्या लाकडापर्यंत कापा, कापलेलं अंगणात न रचता जाळून टाका, नाहीतर त्यातून भुंगे बाहेर पडतात. खोड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल आणि झाड घराकडे किंवा रस्त्याकडे झुकलं असेल, तर औषधावर पैसे घालू नका. शंका असेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या अरभावीच्या बागायती महाविद्यालयात फोटो आणि भुसा दाखवा. आणि पाडायचंच ठरलं तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने बहुतेक झाडांना वनखात्याची परवानगी लागते. अर्ज उन्हाळ्यातच टाका. वळवाच्या वाऱ्यात पोकळ खोड परवानगीची वाट बघत नाही.