बिघडलेली हार्ड डिस्क: घरी प्रयत्न करावा की लॅबकडे द्यावी?

डेटा परत मिळवायला कोणते सॉफ्टवेअर भारी, हा प्रश्न नंतरचा. वीज दिल्यावर डिस्क काय करते, ते आधी पाहा.

ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल किंवा घासल्यासारखा आवाज असेल, तर डिस्क लगेच बंद करा आणि डेटा परत काढून देणाऱ्या लॅबचाच विचार करा. डेटा वाचणारे-लिहिणारे हेड फिरत्या तबकडीच्या, म्हणजे प्लॅटरच्या, काही नॅनोमीटर वर तरंगते. ते वाकून टेकले की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि तिथला डेटा कोणालाच परत आणता येत नाही. ‘आधी घरी बघू, नाही जमले तर लॅब’ हा क्रम इथे सगळ्यात महाग पडतो. फ्रीजरचा उपाय तर अजिबात नको, आत दव धरते.

डिस्क शांत फिरते, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पूर्ण क्षमता दिसते, पण फोल्डर उघडताना अडकते, अशी स्थिती असेल तर घरी करण्यासारखे बरेच आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. त्यांत सी५ आणि सी६ या क्रमांकांचे आकडे शून्याच्या वर असतील तर काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचले जात नाहीत. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. ती बदलून पाहा. विंडोज फॉरमॅट करायचे का विचारते, त्याला ‘नाही’ म्हणा. विंडोजचे डिस्क दुरुस्तीचे साधन चेकडिस्कही चालवू नका. ते बिघडलेल्या डिस्कवरच लिहिते आणि दुरुस्तीच्या नावाखाली फोल्डरांची रचना मोडते.

योग्य मार्ग आधी पूर्ण प्रत काढण्याचा आहे. तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची चांगली डिस्क घ्या, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) संगणक सुरू करा आणि डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम वापरा. पहिल्या फेरीत चांगला भाग उचला, हट्टी सेक्टर मागे ठेवा. नंतर त्यांच्यावर दोन-तीन फेऱ्या पुरेत. मॅपफाइल, म्हणजे कोणता भाग उचलला याची त्याची नोंद, चांगल्या डिस्कवर ठेवा, म्हणजे काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे चालते. लाइव्ह सत्रात ठेवलेली फाइल रीस्टार्टला जाते. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे क्षमता व सिरियल नंबर पाहून दोनदा तपासा. अदलाबदल झाली तर मूळ डेटावर कोरी डिस्क उतरते. वेग खूप घसरला किंवा नवा आवाज आला की थांबा.

पुढचे काम प्रतीवर. पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा विभाग) हरवले असेल तर ते शोधणारा टेस्टडिस्क प्रोग्राम. फोल्डरांची रचनाच गेली असेल तर फोटोरेक हा प्रोग्राम फाइली शोधतो, पण मूळ नावे व फोल्डर मिळत नाहीत आणि तुकड्यांत साठलेले मोठे व्हिडिओ अनेकदा फुटतात.

लॅबच्या खर्चात काय येते? धूळमुक्त जागेत डिस्क उघडणे, जुळत्या मॉडेलच्या दात्या डिस्कचे हेड बसवणे, फर्मवेअर (डिस्कच्या आतले सॉफ्टवेअर) हाताळणे. नुसता सर्किट बोर्ड बदलून आजच्या बहुतेक डिस्क चालत नाहीत; त्या डिस्कपुरती माहिती बोर्डावरच्या रॉम या चिपमध्ये असते, ती नव्या बोर्डावर न्यावी लागते. मात्र बारा व्होल्टच्या बाह्य डिस्कला चुकून लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर लागला आणि ती फिरेनाशी झाली, तर अनेकदा संरक्षक डायोडच शॉर्ट झालेला असतो. हे जाणकार इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाचे, तुलनेने स्वस्त काम आहे.

जवळच्या दुकानात देणार असाल तर एकच विचारा: आधी प्रत काढता का? उत्तर गोलमोल असेल किंवा टेबलावरच डिस्क उघडायची तयारी दिसली, तर परत घ्या. आणि एसएसडीवरून (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवरून) पुसलेल्या फाइलींची आशा फार धरू नका. पुसलेली जागा मोकळी करणारी ट्रिम ही सोय चालू असेल तर ते ब्लॉक बहुधा रिकामे झालेले असतात.

बॅकअपसाठी आमची पसंती दोन पोर्टेबल हार्ड डिस्कना. त्या आलटून-पालटून वापरा, काम झाले की काढून ठेवा, एक दुसऱ्या घरी असू द्या. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) आणि विजेच्या झटक्याच्या तावडीत सापडते. एसएसडी वेगवान आहे आणि पडली तरी सहसा टिकते, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी योग्य नाही. क्लाउड आग, चोरी, पूर यांपासून वाचवतो. फक्त सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: फोनवर पुसलेला फोटो तिथूनही जातो, म्हणून जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते पाहून घ्या. शिवाय २० एमबीपीएस अपलोडने १ टीबी चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. त्यामुळे क्लाउडवर आधी कागदपत्रे आणि निवडक फोटो चढवा, बाकीचे डिस्कवर. आणि दर तीन महिन्यांनी दोन्हीकडून काही फाइली उतरवून खरोखर उघडून पाहा.