उंदीर पळवायचं यंत्र: एक पावसाळा आणि एक ऊसतोड पार पडल्यावर

कोल्हापूरच्या आसपास गाव आणि दारात गाडी असली की उंदरांची धाड वर्षातून दोनदा येते. पाऊस लागला आणि शेतातल्या बिळांत पाणी शिरलं की एकदा, आणि दिवाळीच्या पुढंमागं कारखाने पेटून ऊसतोड सुरू झाली की दुसऱ्यांदा. वर्षभर ज्या फडात ती पिलावळ बिनघोर राहिली तो दोन-चार दिवसांत मोकळा होतो, मग ती जवळच्या घराकडंच येणार. त्यामुळं यंत्र आल्यावर आठवड्याभरात पाच तारे देऊन मोकळे होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आमच्याकडं दोन नग आहेत. एक बॉनेटखाली, बॅटरीला जोडायचा १२ व्होल्टचा. दुसरा शेडमधल्या प्लगात लावायचा. दोन्ही मृगाच्या सुमारास बसवले, आता फड संपत आलेत.

आमचं घर वडणगे-शिये पट्ट्यात. पत्र्याच्या शेडमध्ये पुढं गाडी, मागं सरकी पेंडीची पोती, कडबा आणि खताची बाचकी. शेडला लागून मोटारीची खोली. म्हणजे उंदराला खायला, राहायला आणि बाळंतपणाला सगळी सोय एकाच छपराखाली.

यंत्र काय करतं? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे त्याच्या वरचा आवाज काढतं. उंदराला तो ऐकू येतो हे खरं आहे, अडचण पुढंच आहे. इतका बारीक आवाज भिंतीतून तर जाऊ दे, पोत्यातूनही पार होत नाही आणि थोड्या अंतरावर विरून जातो. डब्यावर मात्र हजारो चौरस फुटांचा दावा छापलेला असतो. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त जणांना ताकीद दिली होती, की दाव्याला शास्त्रीय आधार असेल तरच तो करा. तरीही धंदा जोरात आहे.

शेडमध्ये मी रांगोळीनं पारख केली. रात्री झोपायच्या आधी फरशीवर पांढऱ्या रांगोळीचा पातळ पट्टा चाळायचा आणि सकाळी टॉर्च तिरका धरून बघायचं. पावलं स्पष्ट उठतात, पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्याची पाच. शेपूट घासलेली रेघही दिसते. सुरुवातीला पावलं खरंच कमी झाली. पोत्यांच्या मागची वाट मात्र चालूच राहिली, कारण तिथं आवाज पोचतच नव्हता. आणि श्रावण लागेपर्यंत यंत्राच्या बरोब्बर खाली, हिरवा दिवा लुकलुकतोय तिथं, पावलं उठली होती. सवय झाली त्यांना. आमचे तात्या रोज विचारायचे, "वाजतंय का रं त्ये?" मी म्हणायचो, "वाजतंय, पण आपल्याला ऐकू येत नाही." त्यावर त्यांचं, "मग त्यास्नी तरी कशावरून येतंय?"

बॉनेटखालच्या नगाचं थोडं वेगळं. जागा बंदिस्त असल्यानं आवाज तिथल्या तिथं राहतो, शिवाय त्याला लुकलुकणारा दिवा आहे. गाडी रोज फिरती असेपर्यंत काही त्रास नव्हता. पण गाडी रोज फिरत असेल तर यंत्र नसतानाही त्रास कमीच असतो, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्नच आहे. गणपतीत सलग पावसानं गाडी जागेवर राहिली आणि एसी लावल्यावर कुबट वास आला. ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर ओढला तर घडीघडीत कडब्याचे तुकडे, शेंगांची टरफलं आणि बॉनेटच्या आतल्या गादीचा पिंजलेला काळा कापूस. वायपरखालच्या जाळीतून वाट होती. यंत्र तेव्हा चालूच होतं.

उद्यमनगरातल्या वायरिंगवाल्याकडं नेली. वॉशरची नळी तुटलेली आणि एका सेन्सरची वायर सोललेली निघाली. तो म्हणाला, "दादा, अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलायची गरज नाही, सोल्डर मारून जोड देतो." हल्लीच्या वायरींना सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं म्हणून उंदीर खातात असं बरेच जण सांगतात. असेलही, पण शेजारच्या जुन्या जीपची वायर त्यांनी तितक्याच आवडीनं सोलली आहे. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं. जोडावर मी मिरचीतलं कॅप्सेसिन घातलेली टेप गुंडाळली. होंडासारखी कंपनीही अशी टेप विकते. कोल्हापुरात राहून तिखट बाहेरून मागवायचं म्हणजे जरा लाजच वाटते, पण त्या जागी पुन्हा दात लागलेला नाही.

खरा फरक जाळीनं पडला. शाहूपुरीतून पाव इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी आणली. अर्धा इंची घेऊ नका, घरातला छोटा उंदीर त्यातून सहज निघतो. त्याला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. वायपरखालच्या एसीच्या तोंडावर आतून जाळी बसवली, शेडच्या पत्र्याच्या नागमोडी टोकांत सिमेंटमध्ये जाळीचे बोळे कोंबले, दाराखाली पत्र्याची पट्टी मारली. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात आणि फोम तर त्यांचा खाऊच. पेंड झाकणाच्या पत्र्याच्या पिपात गेली, कडबा भिंतीपासून हातभर लांब आणि विटांवर रचला. भिंतीलगत मोकळी जागा राहिली की उंदीर बिचकतो, शिवाय लेंड्या पडल्या तर लगेच दिसतात. हे झाल्यावर रांगोळी कोरी राहायला लागली. ऊसतोडीची धाड या जाळीवरच अडली, यंत्रावर नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्या काळात शेडमधलं यंत्र मुद्दाम बंद ठेवलं होतं.

बाकीचे उपाय थोडक्यात. पुदिन्याचा स्प्रे छान वास येतो म्हणून मारायचा असेल तर मारा. गरम इंजिनवर तो लगेच उडून जातो. डांबरगोळ्यांचा वास एसीतून आत येतो आणि डोकं धरतं, लहान मुलं गाडीत बसत असतील तर नकोच. निपाणी जवळ असल्यामुळं आमच्याकडं बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुडी ठेवायची पद्धत आहे. वाळलेलं पान तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर पेट घेऊ शकतं, तेव्हा तो नाद सोडा. चाप भिंतीला काटकोनात लावला की काम करतो. चिकट गोंदाचा पुठ्ठा मी वापरत नाही. जनावर तासन्‌तास तडफडतं आणि ते बघवत नाही.

विषाचं जरा सविस्तर सांगतो. झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी पोटातल्या आम्लात गेली की फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. दारात कुत्रं, कोंबडी, पोरं असताना ती वस्तू मी आवारात आणत नाही. ब्रोमाडिओलोनचा ०.००५ टक्क्याचा केक रक्त गोठू देत नाही, त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. पण उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, काही दिवसांनी कुठंतरी सांदीत मरतो, आणि ती सांदी गाडीच्या डॅशबोर्डमागची निघाली तर विचारायलाच नको. तो मेलेला उंदीर मांजरानं किंवा गव्हाणी घुबडानं खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात. आमच्या वैरणीत धामण येते, तिला कुणी हात लावत नाही. फुकटचा राखणदार आहे.

लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, ब्लीचचं पाणी शिंपडून, थोडा वेळ मुरू देऊन फडक्यानं पुसा. पुराच्या दिवसांत तर पायाला जखम असताना शेडमधल्या पाण्यात उतरूच नका, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो.

तारे द्यायचे तर बॉनेटमधल्या नगाला दोन, तेही गाडी लग्नसराईत किंवा गावाला जाताना चार दिवस उभी राहणार असेल तर जोडीला असावा म्हणून. शेडमधल्या नगाला एक. त्या पैशात पाव इंची जाळी आली असती आणि उरलेल्यात दाराची पट्टी झाली असती. मोटारीच्या खोलीत अजून घूस आहे. ती फरशीखालून येते, तिला पत्र्याची पट्टी अडवत नाही. पाऊस लागायच्या आधी भिंतीच्या कडेनं फूटभर चर मारून जाळी बाहेरच्या बाजूला वळवून पुरणार आहे.