बामणोलीच्या काठावर तंबू टाकावेत की घरातल्या दोन खोल्या द्याव्यात?

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोलीकडे उतरलं की जागोजागी पर्यटकांसाठीच्या तंबूंच्या पाट्या दिसतात. घराला लागून दहा-वीस गुंठे मोकळी जागा असणाऱ्याला ‘आपणही दहा तंबू टाकू’ असं वाटतं ते त्या पाट्या बघूनच. भांडवल कमी लागतं आणि शनिवारी रात्री हातात पडणारी रक्कम डोळ्यांत भरते. खोल्यांचा पैसा तसा दिसत नाही, तो थेंबाथेंबाने येतो.

आधी आकडे मांडू. दर गावोगाव वेगळे, पण हिशेबाची रीत हीच. दहा तंबू, वीस माणसं, संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी १,००० रुपये. खाण्याचा खर्च माणशी ३८०, चादरी-उशांची धुलाई ६०, दोन गड्यांची मजुरी १,४००, लाकूड-गॅस ८००. वीस जण आले तर २०,००० मधले ९,००० उरतात. आठच आले तर उरतात २,२८०, कारण मजुरी आणि गॅस तेवढाच लागतो.

आता दोन खोल्या. नाश्त्यासह खोलीचं भाडं २,०००. धुलाई, नाश्ता, वीज, साबण मिळून ३५० जातात. रात्रीचं ताट २५० ला दिलं, त्याला १३० खर्च आला, तर दोन ताटांमागे २४० उरतात. म्हणजे एका खोलीमागे १,८९० आणि दोन्हींमागे ३,७८०. गडी लागत नाही, घरातली दोन माणसं पुरतात (त्यांची मजुरी कुणी धरत नाही, धरायला हवी). भरलेल्या एका शनिवारची बरोबरी करायला खोल्यांना जवळजवळ अडीच रात्री लागतात. प्रश्न एवढाच, की तुमचे किती शनिवार भरतात?

तंबूचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यात शनिवार येतात एकोणीस-वीस. वासोटा किल्ल्याची वाटही पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरच्या मध्याला उघडते, म्हणून ट्रेकवाले गट तेव्हापासूनच येतात. खोलीला मात्र सप्टेंबरातली कासची फुलं मिळतात, पावसात धबधबे बघायला येणारी कुटुंबं मिळतात, मे महिन्यात मुलांना घेऊन येणारे मिळतात. आई-वडिलांना घेऊन आलेला पुणेकर तंबूत झोपत नाही. तो मधल्या वारी येतो, दोन रात्री राहतो आणि जाताना घरचं तांदळाचं पीठ मागतो.

तंबूत बिघडतं काय, ते नीट समजून घ्या. पहाटे चारला गिऱ्हाईक उठवतं, ‘तंबू गळतोय.’ बहुतेक वेळा तो गळत नसतो. जलाशयाकाठच्या थंडीत आतल्या श्वासाची वाफ कापडाला लागते आणि थेंब पडतात. वरचं आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नका, दोन्हीकडच्या हवेच्या जाळ्या उघड्या ठेवा. खाली अंथरलेल्या ताडपत्रीची कड तंबूच्या तळाखाली दुमडा. बाहेर राहिली की पावसाचं पाणी तीवरून थेट गादीखाली येतं. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो आणि तो जात नाही. उन्हाने कापड विरतं, चेनी आधी जातात; दोन हंगामांपेक्षा जास्त आयुष्य धरू नका. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी तंबूत नेऊ देऊ नका, कोळशाच्या वायूने झोपेतच माणूस दगावतो. ज्या बाजूने वारा तंबूंकडे येतो तिथे शेकोटी नको, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या हव्यात, आणि फेब्रुवारीनंतर गवत वाळलं की ती बंदच ठेवलेली बरी. दहा माणसांमागे एक शौचालय नसेल तर तक्रारी तिथूनच सुरू होतात. तंबू स्वस्त म्हणणारे हा खर्च विसरतात, खड्डा आणि टाकी धरून तोच सगळ्यात मोठा असतो.

शिवसागराचं पाणी ही आणखी एक मेख. धरण भरलं की पातळी २,१६३ फुटांवर असते आणि तंबूच्या दारात लाटा येतात. मे महिन्यात तेच पाणी लांब जातं आणि मध्ये भेगाळलेला चिखल उरतो. सप्टेंबरातला फोटो टाकून मे महिन्यात बुकिंग घेतलं तर पाहुणा येऊन भांडणारच. उघडी पडलेली ती जमीन धरणासाठी संपादित झालेली असते, तिच्यावर तंबू टाकायला जाऊ नका. सातबारा पाहून आपल्या हद्दीतच राहा.

खोल्यांचं दुखणं एकच, पावसाळी ओल. कापसाच्या गाद्या दमट होतात, चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत. फोमच्या किंवा काथ्याच्या गाद्या घ्या, खोलीमागे चादरींचे चार जोड ठेवा, कपाटात रात्रभर छोटा बल्ब लावा. घर उभं असलं तरी दोन संडास-बाथरूम, गिझर, फरशी यात तीन-चार लाख सहज जातात. धंदा घरातल्या बाईच्या नावावर असेल तर राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. साताऱ्याच्या बँकेत जाण्याआधी पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा.

गिऱ्हाईक ॲपवरून घ्यायचं की थेट? ॲपचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के, आणि ते विक्रीवर कापतात, उरलेल्या पैशावर नाही. वर आठ माणसांच्या रात्री २,२८० उरले होते. २० टक्क्यांनी १,६०० गेले की हातात ६८०. भरलेल्या रात्रीचे ९,००० चे ५,००० होतात. खोलीला हा घाव कमी लागतो, १,८९० चे १,४९० होतात. शिवाय तुमची जीएसटी नोंदणी नसली तरी ॲप भाड्यावर कर लावतंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. पाहुण्याला २,००० ची खोली २,१०० ला पडते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर थेट आलेल्याला तो लागत नाही. तरीही पहिलं वर्ष ॲपवर काढावं, कारण अभिप्राय तिथूनच जमतात. तंबू मात्र ॲपच्या भरवशावर चालवू नयेत.

आमचं मत विचाराल तर घर उभं असेल आणि रांधणारं माणूस घरात असेल तर आधी खोल्या. अंगणात तीन-चार तंबू फक्त खोल्या भरल्यावर. घर नसेल, जागा रस्त्याला लागून असेल आणि ट्रेक नेणाऱ्या गटांशी ओळख असेल, तर तंबू परवडतात. दोन्ही एकाच शनिवारी भरायचे असतील तर तंबूवाल्या पोरांचा स्पीकर आणि खोलीतल्या आजोबांची झोप यात तुम्हीच अडकता. रात्री दहाला आवाज बंद, हे बुकिंग घेतानाच सांगा.

अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि त्याच वेळी एक मेसेज पाठवा: गावाआधीचं शेवटचं वळण, नेटवर्क कुठे जातं, आज पाणी कुठवर आहे त्याचा फोटो, आणि फुलांच्या दिवसांत कासच्या ऑनलाइन बुकिंगची लिंक. पठारावर दिवसाला ठरावीक माणसंच सोडतात. रविवारी गेटवरून परत फिरलेला पाहुणा राग तुमच्याच अंगणात काढतो.